पूनमची बॅग परत आली तेव्हा

थोरला मुलगा रणजीत पहिल्या शिफ्टला चाकणला कधीच निघून गेला होता. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि शालनबाई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभ्या होत्या. वर गच्चीत पूनमचा व्यायाम चालला होता. एक पाय पुढे, खाली बसायचं, उठायचं. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, तरी उठताना लेकीचा पाय जरासा घसटतो, हे शालनबाईंना खालून ऐकूनही कळायचं. त्या मनात आकडे मोजत होत्या. चौदा झाले आणि दारावर थाप पडली.

कुरिअरवाला होता. त्याच्या पायाशी मोठी निळी बॅग, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारलेली.

"पूनम मॅडम इथंच राहतात का?"

"लेक हाय माझी. कुणाकडनं आलंय?"

"क्लबकडून. इथं सही करा, मावशी."

शालनबाईंनी बॅग ओळखली. चेन फाटली होती तिथं त्यांनी स्वतः लाल ठिगळ लावलं होतं. पूनमनं ती फुटबॉल क्लबच्या होस्टेलवरच ठेवली होती. गुडघा बरा झाला की परत जायचंच आहे, ओझं कशाला आणायचं म्हणून. बॅग आता गच्च फुगली होती. कडेनं बुटांचा आकार दिसत होता.

त्यांना धाकटी नणंद केसरबाई आठवली. तिच्या सासरच्यांनी अशीच एक दिवस तिची पेटी टेम्पोत घालून इथं माहेरी, कासारवाडीला पाठवून दिली होती, एका शब्दानं न बोलता. शालनबाईंच्या सासऱ्यांनी ती घरात घेतली, आणि तिथंच चुकलं, असं गावठाणातली जाणती माणसं अजून म्हणतात. पेटी उंबऱ्याच्या आत घेतली म्हणजे पोरीला टाकल्याचं कबूल केलं. घेतली नसती तर चार माणसं बसली असती, बोलणं झालं असतं.

"माघारी न्या," शालनबाई म्हणाल्या.

"अहो, नकार दिला तर ही परत तिकडंच जाईल."

"जाऊ द्या की. तिची जागा तिकडंच हाय. त्यास्नी म्हणावं, तोंडावर बोला."

"मी कुरिअरवाला हाय, मावशी. मी कुणाला म्हणू?" त्यानं हसून मोबाइलवर काहीतरी दाबलं, बॅग उचलली आणि गेला.

पूनम घाम पुसत खाली आली. शालनबाईंनी जरा ताठ्यातच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता पूनम अनवाणी पळत सुटली. रेल्वे फाटकाच्या रस्त्यापर्यंत जाऊन लंगडत परत आली.

"आई, माझे हातमोजे होते त्यात. रविवारी ट्रायल आहे माझी. मीच मागवले होते."

"हातमोजं?" शालनबाईंचा आवाज खाली आला. "अगं, पर बॅग सगळीच व्हती. बूट, कपडे, समदं."

"सगळी?"

"व्हय."

पूनम पायरीवर बसली. तिनं क्लबच्या मॅनेजरला फोन लावला. तो हिंदीत फार गोड बोलला. टीमनं तिच्या जागी एक नवी मुलगी घेतली आहे, एकोणीस वर्षांची. समजून घ्या, मॅडम, असं तो तीनदा म्हणाला. परत निघालेल्या बॅगेचं विचारलं तर म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील.

शालनबाईंनी अर्थ बरोबर लावला होता. फक्त बॅग परत पाठवायला नको होती.

कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, कुणाला कळलं नाही. भात लागल्याचा वास आला तेव्हा शालनबाई आत धावल्या.

पूनम तेरा वर्षांची असताना गल्लीतल्या पोरांना गोल म्हणून मांडलेल्या दोन विटांच्या मध्ये उभं राहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ही उभी राहिली. तिचे वडील लक्ष्मणराव होते तेव्हा. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये कामाला होते, त्यांनी कंपनीतले रबर लावलेले हातमोजे आणून दिले. मग जिल्हा, राज्य, आणि बाविसाव्या वर्षी पहिला करार. करार म्हणजे पाच महिने. उरलेले सात महिने घरी बसून फोनची वाट. आठ वर्षांत चार क्लब झाले. बायका हळदीकुंकवाला विचारायच्या, "काय म्हणते आमची गोलकीपरीण?" आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. स्थळं यायची, पोरगी वर्षातले पाच महिने परराज्यात असते म्हटलं की चहा पिऊन जायची. शालनबाई तिच्या सगळ्या मॅच मोबाइलवर लावायच्या. पण बॉल गोलकडे आला की डोळे गच्च मिटायच्या. लेकीनं अडवलेला एकही बॉल त्यांनी आजवर पाहिलेला नव्हता.

आता ती तिशीला आली होती. तिचे जुने प्रशिक्षक सयाजी सरांनी पुण्यातल्या नव्या टीमसाठी तिचं नाव सुचवलं होतं. रविवारची ट्रायल त्याचीच, आणि जागा एकच. ही संधी गेली तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे त्या दोघींना न बोलता ठाऊक होतं.

"नवीन घिऊ की हातमोजं," शालनबाई म्हणाल्या.

पूनमनं डावा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही दोनदा मोडून वाकडी जुळलेली. "ही बोटं साध्या मोज्यात जात नाहीत. वेगवेगळी राहिली की पहिल्याच बॉलला निखळतात. काळेवाडीतल्या चप्पलवाल्याकडून मी मोज्याची दोन बोटं एकात शिवून घेतली होती. तो आता गावी गेलाय."

दुपारी रणजीत घरी आला, तेव्हा त्याच्या डब्याच्या पिशवीतून त्यांनी कंपनीच्या हातमोज्यांची कोरी जोडी काढली.

"आई, ते मशीनवर घालायचे असतात."

"ठावं हाय. तुझ्या बापानं पण तेच आणलं व्हतं."

गोधडीची सुई, मेणाचा दोरा. चष्मा लावून त्या दारात बसल्या. पूनमचा हात मांडीवर ओढून घेतला, मोजा चढवला, खुणा केल्या, काढला, उसवला, दोन बोटांचं एक घर केलं. रबरातून सुई निघेना तेव्हा दातानं ओढली.

"चुकलं माझं," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या. "मला वाटलं, घेतली न्हाई तर त्यास्नी तुला ठिवावंच लागंल."

"मला पण तसंच वाटत होतं, आई. म्हणून तर बॅग तिथं ठेवली होती."

पूनमनं मोजा घातला, मूठ मिटली, उघडली. बोटं धरली गेली. तिनं रणजीतकडे पाहिलं.

"दादा, रविवारपर्यंत सुट्टी मिळेल?"

"ओव्हरटाइम लागलाय गं," रणजीत म्हणाला. "नाही सोडणार."

"पुढे खेळून गोल मारणारीला सरावाला भिंत पुरते. मला समोर माणूस लागतं. आठ महिने मी नुसती उठबस करतेय. मला येतं की गेलं, तेच मला माहीत नाही." ती आईकडे वळली.

"आई, उद्या सकाळी मैदानावर ये. मला वीस बॉल फेक. जोरात फेक, आणि डोळे उघडे ठेव."