चौऱ्याऐंशीचा सदरा

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं. ओठ आणि नखं जन्मापासून निळी, म्हणून वर्गातल्या पोरींनी तिला ‘शाई’ केलं आणि तिनेही ते नाव रुबाबात मिरवलं. हृदयात भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. त्यामुळे बरंचसं रक्त ताजी हवा न घेताच अंगभर हिंडायचं. ही पोर दहा वर्षंही काढणार नाही, असं एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. शाईने छत्तीस काढली. ते डॉक्टर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या समारंभाच्या कोटाची काजं हिनेच केली.

काजं हाच तिचा धंदा. जिना चढताना दर चार पायऱ्यांना थांबावं लागे, पण बसून करायच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिंप्याच्या दुकानात खिडकीजवळच्या स्टुलावर बसून ती हाताने काजं करायची. “मशीनची काजं दोन वर्षांत उसवतात, माझी कोटाला पुरून उरतात,” असं ती म्हणे, आणि ते खरंच होतं.

मग कोरोना आला. जो तो बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजू लागला. इतरांचा पंच्याण्णवच्या वर, शाईचा धडधाकट असतानाही चौऱ्याऐंशी. अनोळखी डॉक्टर हा आकडा बघून हाय खाणार, हे तिने ओळखलं. एक सैल सदरा घेतला आणि छातीवर लाल दोऱ्याने अक्षरं भरली: ‘माझा ऑक्सिजन नेहमीच ८४. घाबरू नका. सलाइनच्या नळीत हवेचा बुडबुडा नको, तो थेट मेंदूत जाऊ शकतो. काहीही करण्याआधी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.’ खाली फोन नंबर.

“अगं, छातीवर पाटी लावून फिरणार? दुकान आहेस का तू?” थोरली बहीण हसली.

“दुकानच. माल नाजूक आहे, म्हणून लिहिलंय.”

महिनाभरात ताप आला, दम लागला. बहिणीने तिला सदरा घालून हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेलं; पुढे बहिणीला कोणी आत सोडलं नाही. आत नर्सने नियमाप्रमाणे शाईला हॉस्पिटलचे कपडे घातले आणि सदरा पिशवीत भरून खाटेखाली सारला. एवढा विचार केला, पण अंगावरचे कपडेच काढून घेतील हे काही शाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

चिमट्याने एकोणऐंशी दाखवलं. दुसऱ्या वॉर्डातून मदतीला आलेल्या तरुण डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. “घशात नळी घालू, व्हेंटिलेटरवर घ्या!”

शाईला आठवलं: भूल देऊन यंत्रावर घेतलं तर तुझं हृदय कदाचित परत उभं राहणार नाही, अगदीच इलाज नसेल तरच ते करायचं, असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सांगायला श्वास पुरेना. तिने नर्सची बाही धरली आणि दुसऱ्या हाताने खाटेखाली बोट दाखवलं.

“ताई, फोन नंतर देते हं. सोडा.”

शाईने सोडली नाही. कोटाच्या तीन थरांतून वीस वर्षं सुई ओढलेली ती बोटं होती. शेवटी नर्सने वैतागून पिशवी उपसली, आणि सदरा उलगडताच जागीच थबकली.

“डॉक्टर, थांबा. हे वाचा.”

डॉक्टरने वाचलं. नळी ठेवून फोन उचलला. दहा मिनिटं बोलून परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. “म्हणजे पाचच उतरलाय. मास्क लावा, पालथं झोपवा. आणि सलाइनची नळी मी स्वतः तपासतो.” सदरा त्याने सलाइनच्या स्टँडवर टांगला, सगळ्या पाळ्यांना दिसेल असा.

दुखणं हत्तीच्या पावलांनी आलं होतं, मुंगीच्या पावलांनी गेलं. ऐंशी, एक्याऐंशी, मध्ये एकदा पुन्हा अठ्ठ्याहत्तर. सतराव्या दिवशी सकाळी नर्सने चिमटा लावला आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडली, “चौऱ्याऐंशी! एकदम नॉर्मल!”

छत्तीस वर्षांत तिच्या आकड्याला सगळ्यांनी ‘कमी’च म्हटलं होतं. शाईला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

घरी सोडलं तेव्हा दाराशी बहीण ताटकळत उभी होती. “ऑक्सिजन किती आला गं?”

सदऱ्याची कॉलर नीट करत शाई म्हणाली, “नॉर्मल.”