घरी लागलं

आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड येतं. त्या रविवारी ते सकाळी सव्वासहाला आलं आणि साडेसहाला मिलिंदचा, रत्नाच्या नवऱ्याचा, फोन आला. "ताई, रत्ना गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं. फोन ओट्यावर ठेवला, अर्धं राहिलेलं पिंप भरून घेतलं, झाकण लावलं, मग हंडा, मग बादल्या. मुलीनं आतून विचारलं, कुणाचा फोन गं? म्हटलं, रत्नाच्या घरून. पाणी गेल्यावर खुर्चीत बसले तेव्हा साडेसात वाजले होते. रडू आलं नाही. लोक म्हणाले, हिला धक्का बसलाय, येईल हळूहळू. त्यानंतर मी रोज पहाटे उठले, डबा केला, काळेवाडी फाट्यावर कंपनीच्या बसला उभी राहिले, ओव्हरटाइम आला तर तोही केला. भूक लागत होती, झोप लागत होती. माझी मलाच लाज वाटावी इतकं सगळं सुरळीत चाललं होतं.

रत्ना माझ्या लाइनवर नऊ वर्षं होती. चाकणला आमची कंपनी गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवते, हार्नेस म्हणतात त्याला. मोठ्या फळीवर वायरी ओढायच्या, टोकं बसवायची, वरून टेप गुंडाळायची. लाइनवर सगळ्या बायकाच. बायकांची बोटं बारीक असतात म्हणून, असं साहेब लोक सांगतात. बायका भांडत नाहीत, हे खरं कारण असणार. मी लाइन लीडर. म्हणजे पगारात फार फरक नाही, पण शिव्या दोन्हीकडून मिळतात. रत्ना मला कधी ताई म्हणायची, पण जास्त करून "लीडर", आणि तेही अशा सुरात की चारचौघींत हसू पिकायचं.

आमची ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळे. ती नवीन होती. बाही वर सरकली की दंडावर निळे-जांभळे डाग दिसायचे. कधी पोटरीवर, कधी मनगटावर. लाइनवर कुजबुज सुरू झाली की नवरा मारतो. मी एक दिवस तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं आणि सरळ विचारलं, "मारतो का गं तो?" ती आधी गोंधळली, मग इतकी हसली की हातातली बाटली सांडली. "अहो लीडर, तो झुरळ मारत नाही!" म्हणाली. मग तिनं गळ्यातल्या आयकार्डामागून एक घडी घातलेलं पिवळं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. लहानपणी सांधे दुखून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप गेली. एकोणिसाव्या वर्षी ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. धातूवर रक्त गोठायला बघतं, गुठळी होऊन मेंदूकडे गेली तर लकवा, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. आणि गोळी जरा जास्त झाली, नाहीतर कुठं मार लागला, की रक्त थांबत नाही. साधं दाराला घासलं तरी निळा डाग. "घट्ट झालं तरी मेले, पातळ झालं तरी मेले," हे ती मेथीच्या जुडीचा भाव सांगावा तसं सांगायची. लाइट गेली आणि लाइन थांबली की तिच्या शेजारी बसल्यावर छातीतली टिकटिक ऐकू यायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी तिच्या मनगटावर घड्याळ शोधलं होतं.

महिन्याला रक्ताची तपासणी असायची. आयएनआर म्हणतात. तिचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. मोबाइलवर रिपोर्ट आला की बायका विचारायच्या, "किती पडले?" आणि ती म्हणायची, "पास." कधी "काठावर पास." कधी नापास, मग डॉक्टर गोळी बदलायचे, आज अर्धी, उद्या एक, परवा अर्धी. तो हिशोब मिलिंदकडे. त्याचं काळेवाडीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, बारीक कामाची सवय. रोज रात्री जेवणानंतर तो नखानं गोळी मोडून तिच्या तळहातावर ठेवायचा. त्या गोळीपायी मूल नको, असं दोघांनी बसून ठरवलं होतं. त्याबद्दल ती एकदाच बोलली, तेही बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून. डब्यातल्या पालेभाजीवर मात्र रोज बोलणं व्हायचं. पालक-मेथी बंद नव्हती, पण रोज सारखीच खायची, एकदम जास्त नाही, कारण त्यानं गोळीचा जोर कमी होतो. एखादीनं आग्रह केला की ती दोन बोटांनी माप दाखवायची, "एवढीच. माझं रक्त माझ्यापेक्षा कडक आहे."

आता जे सांगायचं आहे त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कंपनीच्या गेटवर बोर्ड आहे, 'अपघाताविना दिवस'. कुणाला काही लागलं आणि रजिस्टरमध्ये त्याची नोंद झाली की आकडा शून्यावर. शंभरला चॉकलेट, दोनशेला टोपी, आणि पाचशेला सगळ्यांना गोडाचं जेवण आणि एक बॅग. शून्य झाला की तीन शिफ्टच्या माणसांसमोर त्या लाइनच्या नावानं मीटिंग होते. त्यामुळे बोट कापलं, टोक घुसलं, की आम्ही बायका आपल्या लॉकरमधली पट्टी बांधायचो आणि कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "घरी लागलं." कांदा चिरताना. दार लागून. ही रीत कुणी पाडली, हे सगळ्यांना माहीत आहे. मीच पाडली. माझी लाइन सलग तीन वर्षं स्वच्छ होती आणि मला त्याचं फार कौतुक होतं.

त्या मंगळवारी आकडा चारशे शहाण्णव होता. दहाच्या चहाच्या जरा आधी रत्नाच्या हातातला एक कनेक्टर रॅकखाली गेला. ती वाकली, उचलला, आणि उठताना रॅकचा लोखंडी बीम तिच्या उजव्या कानाच्या वर बसला. आवाज झाला, सगळ्यांनी वळून बघितलं. ती खाली बसली. मी धावत गेले, तिचे केस बाजूला करून बघितलं. "रक्त?" तिनं पहिलं तेच विचारलं. म्हटलं, "नाही. टेंगूळ आलंय." सुपारीएवढं होतं. आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. तिला रक्त आलं की काय करायचं हे तिनंच आम्हाला शिकवलं होतं, स्वच्छ कापड, दहा मिनिटं दाबून धरायचं, मध्येच सोडून बघायचं नाही. ते सगळं करावं लागलं नाही, म्हणून जिवात जीव आला. बर्फ लावला. ती हसून म्हणाली, "घरी लागलं म्हणा, लीडर. चार दिवस राहिलेत." तिच्यावर ढकलायला हे वाक्य मला पुरलं असतं. पण ती बोलायच्या आधीच मी रजिस्टरकडे न जायचं ठरवलं होतं, आणि ती तसं म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या पिवळ्या कार्डावर तिसरी ओळ होती: डोक्याला मार लागल्यास, रक्त दिसो वा न दिसो, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. ती मी नऊ वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीपाशी वाचली होती.

गुरुवारी ती म्हणाली, डोकं जड वाटतंय. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, आणि तिला उजेडाजवळची जागा दिली. शुक्रवारी ती बसला आली नाही. पहाटे उलटी झाली, बोलणं अडखळायला लागलं, मिलिंदनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डोक्यात, कवटीच्या आत, तीन दिवस हळूहळू रक्त साचत होतं. संध्याकाळी मी गेले तेव्हा तिला ऑपरेशनला घेतलं होतं. आधी रक्त घट्ट करायची औषधं द्यावी लागली. तसं केल्यानं झडपेवर गुठळी व्हायची भीती, न करावं तर कवटी उघडता येत नाही. मिलिंद हे सगळं मला एका सुरात सांगत होता. मग म्हणाला, "डॉक्टर विचारत होते, डोक्याला मार लागला होता का. मी म्हटलं, नाही. घरी तर काही झालं नाही ना, ताई." मी "हं" केलं. फक्त हं. शेजारच्या बाकावर एक बाई मोसंबी सोलत होती, तिच्याकडे बघत बसले.

शनिवारी कंपनीत पाचशे दिवस झाले. श्रीखंड-पुरी होती. मी जेवले. बॅग मिळाली, ती कपाटावर तशीच प्लास्टिकमध्ये आहे. लाइनवरच्या सगळ्यांनी मंगळवारचं बघितलं होतं, कुणी शब्द काढला नाही, माझ्याकडेही कुणी बघत नव्हतं. रविवारी पहाटे रत्ना गेली.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. भन्तेजींनी वंदना घेतली, माणसं पांगली, आणि मिलिंदनं मला आत बोलावून गोळ्यांची पट्टी दाखवली. "अर्धी कमी येते, ताई. मी तीनदा मोजली. अर्धीच्या दिवशी माझ्याकडून एक गेली असणार." मी म्हटलं, असं मनात आणू नकोस. पुढच्या रविवारी डबा घेऊन गेले तर त्यानं कॅलेंडरवर प्रत्येक गोळीची खूण करून ठेवली होती, मला समोर बसवून सगळी वाचून दाखवली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. दुकान बंद होतं. त्याची आई मला दारात गाठून म्हणाली, "जेवत नाही हो. म्हणतो, मीच मारली." मी पोळी-भाजी ताटात वाढली आणि परत आले. एकदा मी या माणसावर बायकोला मारतो म्हणून संशय घेतला होता. आता तो स्वतःच कबूल करत होता आणि मी ऐकून घेत होते. दर रविवारी दहाला जायचं, डबा ठेवायचा, त्याचं ऐकायचं, उठायचं. त्या घरात रत्नाची ओढणी दारामागे तशीच होती, आरशाला टिकल्या चिकटलेल्या होत्या. मला तिथं जायला आवडत होतं, हेही सांगून टाकते. तिथं बसलं की ती आत भांडी घासत असेल असं वाटायचं.

पाचव्या रविवारी तो पुन्हा पट्टी घेऊन बसला आणि मी म्हटलं, "मिलिंद, तिच्या डोक्याला मार लागला होता."

त्यानं वर बघितलं. "कुठं?"

"कंपनीत. मंगळवारी, चहाच्या आधी. रॅकचा बीम लागला. मी बघितलं, रक्त आलं नव्हतं. मी लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात तू म्हणालास तेव्हाही नाही."

त्यानं ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. त्यानं पट्टी उलटी केली आणि रिकामी घरं पुन्हा बोटानं मोजली. मग विचारलं, "म्हणजे गोळी बरोबर गेली होती?" म्हटलं, गोळीचं मला कळत नाही, डॉक्टरांना विचारू, पण मार लागला होता, तो मी बघितला. त्यानं गुडघ्यात डोकं घातलं आणि लहान मुलासारखा रडला. त्याची आई आली, त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी बसूनच होते, हात मांडीवर, काहीच होत नव्हतं मला... शेवटी तोंड पुसून तो म्हणाला, "तुम्ही जा आता, ताई." मी चपला घातल्या. तो दारापर्यंत आला, डबा माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाला, "हे सगळ्यांना सांगा. आणि पुढच्या रविवारी येऊ नका."

सोमवारी मी कंपनीत लेखी दिलं. सेफ्टीच्या साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, बाई, आता हे देऊन काय उपयोग? म्हटलं, तिच्या नवऱ्याला उपयोग आहे. चौकशी चालू आहे, त्यात माझं जे व्हायचं ते होईल. लाइनवरच्या बायकांना सांगितलं की इथून पुढं ओरखडाही लिहायचा, आणि रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या कुणाच्या डोक्याला नुसता धक्का लागला, तरी रक्त बघत बसायचं नाही, तडक दवाखाना. सगळ्यांना सांगा म्हणाला, म्हणून इथंही लिहिते आहे.

काल रविवार होता. सकाळी मी चार पोळ्या जास्तीच्या लाटल्या, बटाट्याची भाजी डब्यात भरली, साडी बदलली, चपला घातल्या आणि दाराला कडी लावताना आठवलं की जायचं नाहीये. काळेवाडीच्या त्या घरात आता मला कुणी दार उघडणार नव्हतं. डबा हातात धरून मी जिन्यातच बसले. रत्ना गेली, हे मला तेव्हा कळलं.