रुक्माबाईची अर्धी साक्ष

मावला गावच्या रुक्माबाईची पिठाची गिरणी माहीत नाही असा माणूस त्या भागात सापडायचा नाही. दळण झालं की बाई गिरणीच्या तोंडावर ठकठक करून आत अडकलेलं पीठसुद्धा डब्यात पाडून द्यायची. बरेच गिरणीवाले त्या अडकलेल्या पिठावरच आपली भाकर भाजतात, पण हे रुक्माबाईला सांगायची कोणाची टाप नव्हती. "ज्याचं त्याले," एवढंच ती म्हणायची. कोणी खडे न निवडता ज्वारी आणली तर मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तोंडाची फटकळ आणि हाताची स्वच्छ, अशी बाई.

याच गिरणीत ती एकदा फिट येऊन पडली होती, फिरत्या पट्ट्याच्या अगदी जवळ. नवरा मोतीराम तिथंच होता म्हणून वाचली. त्यानंतर झटके वाढतच गेले. शेवटी चर्चच्या मंडळीनं उपास धरून तिच्यासाठी प्रार्थना केली, आणि त्याच सुमारास सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. झटके थांबले ते थांबलेच.

देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं, याला साक्ष म्हणतात. रुक्माबाई पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिनं प्रार्थनाही सांगितली आणि गोळ्याही सांगितल्या. लोकांनी ऐकून घेतलं, झालं. पण बाहेरगावाहून आलेले एक उपदेशक नंतर तिला बाजूला घेऊन गोडीनं म्हणाले, "ताई, साक्ष फार छान. पण गोळीचं कशाला सांगता? देवाचा महिमा कमी होतो त्यानं." बाईला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं म्हणा. पुढच्या खेपेस तिनं गोळ्या गाळल्या, तर बायका पदर डोळ्याला लावून रडल्या आणि हालेलूयानं पत्रे दणाणले. एकदा लोकांच्या डोळ्यांत पाणी आणायची चटक लागली की सुटते होय? खोटं ती एक अक्षर बोलायची नाही. एक गोष्ट सांगायची नाही, एवढंच.

शुक्रवारी उपास-प्रार्थना असायची. दुपारपर्यंत कोणी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. रुक्माबाई घरून निघायच्या आधी चुलीमागं जाऊन गोळी घशाखाली उतरवायची आणि ओठ पुसून बाहेर यायची. मोतीराम बघायचा आणि चपला शोधायला लागायचा.

अशी वर्षं चालली होती. मग तामसीहून अर्पिता यायला लागली. शाळेत शिकवणारी, प्रभूवर नवीनच विश्वास ठेवलेली, आणि तिच्या लेकीला, स्वराला, हाच फिटचा आजार. रुक्माबाईची साक्ष ऐकताना ती नुसती टक लावून बघत राहायची. एका बुधवारी ती हसत हसत गिरणीवर आली.

"मावशी, म्या स्वराच्या गोळ्या बंद केल्या. तुमच्यावानी. आता फक्त प्रार्थना."

रुक्माबाईच्या हातातला डबा तिथंच राहिला. "असं नको करू व माय. गोळी देत राय तिले."

"माझा इस्वास पाहून राह्यल्या का?" अर्पिता हसली. "तुमीच असं म्हणसान तर कसं?" आणि बसची वेळ झाली म्हणून निघूनही गेली. रुक्माबाईच्या जिभेवर खरं आलं होतं. भल्याभल्यांना पाणी पाजणारी बाई, पण त्या वेळी तिची दातखीळ बसली.

संध्याकाळी तिला प्रार्थना करता येईना. गुडघे टेकले की पट्ट्याजवळ पडलेली स्वरा दिसायची. तिनं मोतीरामला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत शांतपणे म्हणाला, "देवाले तर माईतच हाय. मंडळीलेच माईत नाही." त्याला ती नेहमीसारखी फाडकन बोलली नाही, म्हणून तोच घाबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरणीला कुलूप घालून तिनं तामसीची बस धरली. स्वरा अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. तिला बघून रुक्माबाईचा जीव भांड्यात पडला. घरात जाऊन तिनं कमरेची पिशवी सोडली, गोळ्यांचं पाकीट अर्पिताच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "मी रोज घेतो. एक दिस सोडला नाही."

अर्पितानं पाकीट उलटं-सुलटं करून पाहिलं. वरचं नाव तिला पाठ होतं; स्वराची गोळी तीच. "मंग मंडळीपुढं बोलल्या ते खोटं होतं का?"

"खोटं नोहतं. अर्धं होतं."

"अर्ध्यावर म्या माझी पोर उभी केली, मावशी." अर्पिताचा आवाज चढला नाही, आणि तेच रुक्माबाईला जास्त लागलं. "एक गोष्ट घरात अन् एक गोष्ट देवापुढं. आता कोणती खरी मानू? मी तर देवापुढली मानली होती."

"आज तरी गोळी दे तिले."

"तुमी उद्या तिथं काय बोलता ते पाहू," अर्पिता म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. रुक्माबाई चहाला थांबली नाही.

शुक्रवारी मावल्याचं प्रार्थनाघर भरलं होतं. गुडीहत्नूरहूनसुद्धा माणसं आली होती. मराठीत एक, तेलुगूत एक अशी गाणी झाली, आणि चर्चचे पाळक अमरदीप उभे राहिले. "आता आपल्या रुक्माबाई साक्ष देतील." सगळ्यांना ती पाठच होती. बायकांनी आधीच पदर हातात घेतले. अर्पिता शेवटच्या चटईवर स्वराला मांडीजवळ घेऊन बसली होती.

रुक्माबाईनं आज घरी गोळी घेतली नव्हती. पुढं येऊन तिनं ती मुठीतून काढली आणि तळहातावर धरली.

"प्रभूनं मले बरं केलं," ती म्हणाली. "तुमच्या प्रार्थनेनं केलं अन् ह्या गोळीनं केलं. ही मी रोज घेतो. शुक्रवारच्या उपासाच्या दिवशी बी घेतो, चुलीमागं लपून. लोकाचं चिमूटभर पीठ म्या कधी ठेवलं नाही, पण देवाची गोष्ट अर्धी दाबून ठेवली. तुमी रडत होता ना, ते मले गोड लागत होतं."

कोणी आमेन म्हटलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला, पण रडण्यासाठी नव्हे. रुक्माबाई बोलत राहिली. "माझं ऐकून कोणी आपल्या लेकराची गोळी बंद केली असंन तर ते पाप माझ्या डोक्यावर हाय. आजच सुरू करा. दवाखान्यात जा, इचारा. अन् प्रार्थना सोडू नका." मग तिनं पाळकांकडं बघितलं. "मले पाणी पायजे."

उपासाच्या दिवशी, भर प्रार्थनेत, पाणी. अमरदीप तरुण होते, आणि ही साक्ष त्यांनीच गावोगावच्या सभांत मिरवली होती. मग ते स्वतः आत गेले, तांब्या-गिलास घेऊन आले आणि आपल्या हातानं पाणी ओतलं. "घ्या, मावशी," ते म्हणाले. गिलास देताना त्यांची नजर खाली होती. रुक्माबाईनं सगळ्यांदेखत गोळी गिळली.

ती जागेवर बसायला निघाली, पण कोण सरकून जागा देतंय? बायका आपापल्या लुगड्याच्या निऱ्या बघत होत्या. इतक्या वर्षांची अब्रू गेली, हे तिला चालता चालता कळत होतं, आणि आश्चर्य म्हणजे छाती हलकी वाटत होती. ती भिंतीच्या कडेकडेनं मागं जात शेवटच्या चटईपर्यंत पोचली.

अर्पितानं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं आपली पर्स उघडली. आत स्वराच्या गोळ्या होत्या. तामसीहून निघतानाच घेतल्या होत्या तिनं. एक गोळी काढून तिनं लेकीच्या हातावर ठेवली, मग हात लांबवून रुक्माबाईच्या हातातला गिलास घेतला. तळाशी दोन घोट पाणी उरलं होतं.

स्वरानं गोळी गिळली आणि तोंड वाकडं केलं. "आजी, तुमाले बी कडू लागते का?"

"लागते व बाई," रुक्माबाई म्हणाली. "लय कडू लागते."

"मंग तुमी कोणाले सांगत काऊन नाही?"

अर्पितानं स्वराला थोडं पलीकडं सरकवलं, चटईवर आपल्या शेजारी जागा केली आणि म्हणाली, "बसा, मावशी. प्रार्थना राह्यली अजून."