नव्या जिल्ह्यावर ढकललेलं अपील

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आमच्या घरात तिच्यापासून काही लपवून दाखवा, मी तुमचा सत्कार करीन.

आमच्याकडे एक घरगुती विनोद आहे. एसटी चुकली, दूध नासलं, कुणाची सोयरीक मोडली, की कुणीतरी म्हणणारच, "नवा जिल्हा हाय बाबा." लातूर जिल्हा होऊन जमाना लोटला, तरी सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं मी. का हसू नये? विनोद माझ्याच थापेतून निघालाय.

थाप कोणती? — सांगतो, जरा दम धरा.

आमचं गाव चाकूरकडचं. बांधावरच्या विहिरीतला आमचा वाटा खालच्या कोर्टानं नाकारला. दिवस दुष्काळाचे, चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, मोसंबी त्याच पाण्यावर. त्यांनी लातूरच्या नव्या जिल्हा कोर्टात अपील टाकलं. फी थोडी कमी पडली. ती भरायला कोर्टानं मुदत दिली. तात्यांनी दोन शेळ्या विकल्या आणि शेवटच्या दिवशी पैसे माझ्या हाती दिले. का? तर मी नांदेडहून बी.ए. झालेलो. कायदा मलाच कळणार!

लातूरला मी वेळेत पोचलो, एवढं तरी माझ्या पदरात घाला. पण स्टँडवर कॉलेजचा दोस्त भेटला. नव्या जिल्ह्यात त्याला नोकरी लागलेली — दावत होती. म्हटलं, दोन घास खाऊन जाऊ. काय ते मटण! आणि नंतर पंख्याखाली — हो, झोपलो. उठलो तेव्हा कोर्टाला कुलूप. फीच तर आहे, आज काय अन् उद्या काय, असं स्वतःला समजावत मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. अपील फेटाळलेलं.

पण खरी गोष्ट ही नाहीच.

आमचे वकील म्हणाले, "अजून हातचं गेलं न्हाई, अपील परत उभं करता येतं. तात्यांना घेऊन या. उशीर का झाला ते अर्जात लिहू, त्यांची सही घेऊ."

उशीर का झाला — ते लिहायचं? तात्यांसमोर?

मी गावी आलो आणि सांगितलं, नवा जिल्हा आहे, कोर्टात अजून कशाचा मेळ नाही, फी घेतच नाहीत, अपील बुडालं. पैसे परत दिले. तात्यांनी गावभर सांगितलं, "पोरगं लई इमानदार. पै न् पै परत आणली."

त्या उन्हाळ्यात मोसंबी वाळली. काकू लांबच्या हापशावरून घागरी आणायची, आणि तात्या पारावर बसून नव्या जिल्ह्याला अशा काही शिव्या द्यायचे की लोक पोट धरून हसायचे. मीही.

तात्या आता नाहीत. अपिलात दम होता, असं वकील म्हणाले होते. पण ते अपील कोर्टानं कधी ऐकलंच नाही. अर्जावर एक सही हवी होती, तात्या घरीच होते, आणि मी त्यांना सांगितलं नाही.