सांडलेला भंडारा
हळद दळल्याचा वास आला की माझं डोकं सटकतं, कारण जाफराबादकडच्या एका वस्तीवरचं देऊळ आठवतं. सोयाबीन निघालेलं, ओट्यावर ऊन तापलेलं, आणि सगळ्यांदेखत एका मेंढपाळाला दारू सोडायची शपथ म्हणून देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, उचलायला लावलेला. कालपासून थेंब न मिळालेल्या त्याच्या हाताला असं कापरं भरलं की सगळा भंडारा धोतरावर सांडला. ‘देवानंच नाकारला! याच्या मनातच खोट हाय,’ म्हातारे पंच गरजले. मी व्यसनमुक्तीची पत्रकं वाटायला गेल्तो, तो तसाच पुढं घुसलो. म्हणालो, खोट कसली? मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, ते झेलणारे रिसेप्टर वर्षानुवर्षांच्या दारूनं बदलतात, मग दारूवाचून जीव कासावीस होतो. एकदम तोडली तर जिवावरही बेततं. याला दवाखान्यात न्या! ‘आला मोठा डाक्टर! तुझी पत्रकं शेरडं खातील,’ पंच म्हणाले आणि सगळे हसले. मेंढपाळ मान खाली घालून पुटपुटला, ‘देवाचं भ्या मला न्हाई का? तरी बी हात जातो.’ तशी त्याची बायको पदर खोचून उठली आणि पंचांकडं वळली. ‘मामा, मंग तुमची शुगर बी भंडारा उचलून उतरवा की! गोळ्या कशाला खाता?’ तिनं नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला जालन्याच्या दवाखान्यात न्यायला जीपमध्ये बसवलं. आज शहरात व्यसनमुक्तीच्या मंचावर हार घालून शपथा देतात, फोटो काढतात, आणि मी खालून एकच ओरडतो, डॉक्टर कुठंय?