आधी सोलां, मगे पाला

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमची प्लाटून पूर्व सरहद्दीवरच्या एका पोस्टवर चढली. अठ्ठावीस माणसं, चार बंकर, एक लंगर म्हणजे स्वयंपाकघर, आणि एक रेडिओ सेट. सेट माझ्याकडे होता. मी तेव्हा लान्स नाईक होतो. गाव मालवणजवळ, अगदी किनाऱ्यावर. आमच्या घरात मासे सोडून दुसऱ्या कशाचं फारसं ज्ञान नव्हतं.

झाडापाल्याचं ज्ञान होतं ते नाईक दत्तारामला. तो वेंगुर्ल्याच्या वरच्या बाजूचा, डोंगराकडच्या वाडीतला. वडील लहानपणीच गेले, घरी एकटी आई. पोस्टवर पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने तुपाचे रिकामे डबे गोळा केले, तळाला भोकं पाडली आणि बंकरच्या मागे रांगेत लावले. सुट्टीवरून येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेली रोपं त्यात लागली. गवती चहा, पानओवा, तुळस, अडुळसा. अडुळशाने दम धरला नाही. बाकीची तरारली.

आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी डबे पाहिले आणि विचारलं, "ही पोस्ट आहे की परसबाग?"

"पोस्ट, साहेब."

"मग डबे फायर लेनमधून हलव."

दत्तूने डबे गोळीबाराच्या रेषेतून चार हात बाजूला सरकवले. पंधरा दिवसांनी साहेबांना सर्दी झाली, तेव्हा त्यांनीच निरोप धाडला की त्या परसबागेतलं काहीतरी घालून चहा पाठवा.

दिवस ठरलेला असे. ०४३० ला स्टँड-टू म्हणजे हत्यार घेऊन सज्ज, ०६३० ला हवामानाचा रिपोर्ट, ०७०० ला चहा. पावसात घसा धरला की दत्तू पानओव्याचं पान मीठ लावून चावायला देई. पित्त उठलं की आमसुलाचं पाणी. आमसुलाला आम्ही सोलं म्हणतो, ती त्याची आई डबाभर पाठवायची. पण त्याचा एक नियम होता आणि तो कडक होता. ताप चढला, श्वासाचं काही दिसलं, तर पाला बंद आणि माणूस सरळ नर्सिंग असिस्टंटकडे. "पाल्याक आपली हद्द ठावक आसता," तो म्हणायचा. "आपणाक नसता."

ऑगस्टच्या मध्यावर रस्ता वाहून गेला. दहा दिवस ताजी भाजी नाही. डाळ, डब्यातले वाटाणे, पुन्हा डाळ. अकराव्या दिवशी दुपारी दत्तू नाल्यावरून आला तो पानांची मोठी मोळी घेऊन. तेरं. म्हणजे रानातलं अळू. आमच्याकडे पावसात तेऱ्याची भाजी केली नाही असं घर नसेल. पान ओळखून आणावं लागतं, आणि नीट शिजलं नाही तर घसा असा खाजतो की माणूस रडकुंडीला येतो. म्हणून शिजत असताना आमच्याकडे कोणी खाजेचं नावही काढत नाही. दत्तूने पानं धुतली, देठ सोलून ठेवले. १४०० ला त्याची गस्त होती.

"मी येयसर चुलीर ठेव नको," त्याने मला बजावलं.

"होय."

१६०० ला माझी ड्यूटी सुटली. पाऊस थांबला होता, भूक लागली होती आणि लंगरचा कुक म्हणाला की चूल मोकळी आहे. मी वाट पाहिली नाही. भाजी शिजवली, आणि दत्तूच्या डब्यातली सोलं घातली. पण घातली ती अगदी शेवटी, उतरवण्याच्या आधी. माशाच्या कढीत आम्ही तशीच घालतो. हात त्याच सवयीचा. तेऱ्यात सोलं आधी पडावी लागतात, पाला त्यांच्याबरोबर शिजावा लागतो, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आम्हा समुद्राकडच्या पुरुषांना स्वयंपाक म्हणजे मासा, एवढंच ठाऊक.

पहिली वाटी मीच घेतली. हावरटपणा, दुसरं काही नाही. १६४० ला घसा टोचायला लागला. १६५० ला जीभ सुजली. १७०० ला आवाज गेला आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. बाकीच्यांनी मला पाहून वाट्या खाली ठेवल्या.

नर्सिंग असिस्टंटने इंजेक्शन भरलं. सेटवर सुभेदार साहेब स्वतः बसले, पलीकडे बटालियनचे डॉक्टर. धुकं इतकं की हेलिकॉप्टर येणार नव्हतं. रस्ता तर नव्हताच.

"पेशंटचा श्वास कसा आहे? ओव्हर."

"आवाज करतोय. ओव्हर."

"बसवून ठेवा. झोपू देऊ नका. दुसरा डोस तयार ठेवा. ओव्हर."

१७४० ला गस्त परतली. दत्तू चिखलाच्या बुटांनी तसाच आत आला, टोप बघितला, मला बघितलं. त्याला सगळं कळलं.

"इंजेक्शन दिलंत?" त्याने आधी तेच विचारलं. मग माझ्या हातात एक सोल ठेवलं. "गिळू नको. गालात धर." आणि कानाशी वाकून म्हणाला, "मेल्या, आधी सोलां, मगे पाला."

दुसरा डोस लागला नाही. सात वाजेपर्यंत शिट्टी थांबली. मी मेलो नाही हे कळल्यावर जी सुटका वाटली ती आजही आठवते. आवाज मात्र परतला नाही.

जंगलातला पाला खायचा नाही, अशी स्टँडिंग ऑर्डर होती. साहेबांनी विचारलं, "जबाबदार कोण?"

"मी, साहेब," दत्तू म्हणाला. "तोडलं मी. शिजवायलाही मीच सांगितलं. बाबलने फक्त चूल पेटवली."

बाबल म्हणजे मी.

"तुझी चतुर्थीची रजा रद्द."

चतुर्थीसाठी पोस्टवरून फक्त दोन रजा होत्या. एक दत्तूची, एक माझी. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. तिच्यावर रानातली कवंडळांसारखी लाल फळं, वेली, पानं बांधायची. जे रान वर्षभर माणसाला बरं ठेवतं ते त्या दिवशी देवाच्या डोक्यावर. दत्तूच्या घरी माटवी बांधणारा तो एकटा होता. रानात कुठे काय मिळतं ते त्यालाच ठाऊक.

मला बोलता येत नव्हतं. पण मेसेज पॅड उशाशी होतं, पेन्सिल खिशात होती. मी लिहिलं नाही. दोन वर्षं मी घरचा गणपती पाहिला नव्हता. तीन दिवस मी घशाचं निमित्त करून पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी रविवार. रविवारी प्रत्येकाला सॅटेलाइट फोनवर दोन मिनिटं मिळत. दत्तू माझ्यापासून पाच पावलांवर उभा राहून बोलत होता.

"आये, माका येवक गावाचा नाय ह्या वर्सा. नाय गो, बरो आसंय. काम आसा. माटवी शेजारच्या नानाक बांधूक सांग. कवंडळां खंय गावतली तां आयक. व्हाळाच्या पलीकडे येल आसा, फणसाक चढलेली. आंब्याक नाय, फणसाक. आणि उजवीकडे..."

दोन मिनिटं संपली. दत्तूने फोन पुढच्याच्या हातात दिला आणि जाऊन डब्यांना पाणी घालू लागला. पाऊस पडत होता. डब्यांना पाण्याची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ०८०० वाजता मी सुभेदार साहेबांसमोर उभा राहिलो. घशातून जेमतेम आवाज निघत होता.

"साहेब, दत्ताराम थांब म्हणाला होता. मी थांबलो नाही. भाजी मी बिघडवली."

साहेबांनी रजिस्टरमधून डोकं वर काढलं नाही. "तीन दिवस लागले?"

"आवाज नव्हता, साहेब."

"पॅड होतं."

 लाज वाटली. तशी लाज मला पुढे कधी वाटली नाही.

"दत्ताराम रजेवर जाईल," ते म्हणाले. "तू जाणार नाहीस. सेट सांभाळ. जा."

दत्तूला कळलं तेव्हा तो भडकला. "तुका शाणपण कोणी सांगलेलां?" मग बॅग भरायला लागला.

सतरा वर्षांच्या नोकरीत मी रेडिओवर हजारो संदेश दिले. कामाचं बोललो असेन तर ते त्या सकाळचं.

दत्तू रजेवरून परतला तो पाच किलो सोलं आणि अडुळशाचं नवं रोप घेऊन. माझ्या आईच्या हातचे मोदकही होते. वेंगुर्ल्याहून मुद्दाम माझ्या घरी जाऊन त्याने ते आणले होते. चार दिवसांच्या प्रवासात ते दगडासारखे झाले होते. आम्ही चहात बुडवून खाल्ले. साहेबांनी दोन खाल्ले. या वेळी अडुळसा जगला.

पुढच्या एप्रिलमध्ये, सकाळी ०६१० ला, नाल्याच्या वरच्या वळणावर गस्तीवर फायर आला. नाईक दत्ताराम पुढे होता. सेटवर मी होतो. "वन कॅज्युअल्टी" एवढंच आधी कळलं. नाव ०६२५ ला कळलं. ०६३० चा रिपोर्ट मी वेळेवर दिला.

आता मी गावी असतो. परसात गवती चहा, पानओवा, निर्गुडी, अडुळसा आहेत. कोणाला खोकला झाला, गुडघा धरला, की लोक येतात आणि हवी ती पानं तोडून नेतात. ताप असला तर मी पान देत नाही, दवाखान्यात पाठवतो. नियम त्याचाच. मी सुखात आहे. तेऱ्याची भाजीही उत्तम करतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी वेंगुर्ल्याला जातो. व्हाळाचं पाणी ओलांडतो, फणसावरची कवंडळाची वेल शोधतो, लाल फळं काढतो आणि दत्तूच्या घरी माटवी बांधतो. त्याची आई खाली पाटावर बसून पाहत असते. तिला आता नीट दिसत नाही, पण कवंडळांचा लाल रंग दिसतो.

यंदाही तिने हात वर केला. "झिला, कवंडळां डावीकडे कित्याक बांधलंस? माझो दत्तू उजवीकडे बांधायचो."

"होय आये, चुकलंय," मी म्हटलं आणि घोस सोडून उजवीकडे बांधला.

दरवर्षी मी तो आधी डावीकडेच बांधतो.