शालिकरामची वाळ्याची पेटी

शालिकराम निमकर्डे याचा बाप अकोल्यात मोर्णेकाठी भाजीचा मळा करी. शालिकरामचं मन मळ्यात रमलं नाही. तो ताजनापेठेतल्या एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात लागला आणि तिथे त्याने एक लाकडी पेटी बनवली. ती मोटारीच्या मागच्या खिडकीत बसे. आत वाळ्याची मुळं दाबून भरलेली, वर पाण्याचा डबा, त्यातून पाणी थेंबथेंब वाळ्यावर झिरपे. वाळ्यामागे बॅटरीवर फिरणारा छोटा पंखा. वऱ्हाडातल्या मे महिन्यात बसणाऱ्याच्या अंगावर गार, वासाचा वारा येई. काही वकिलांनी आणि जिनिंगवाल्यांनी पेट्या घेतल्या.

पेटी बिघडली की त्याची तपासायची रीत ठरलेली होती. वारा मंद असेल तर आधी बॅटरीची तार, मग पंख्याच्या मोटरीतले झिजणारे कार्बन. वारा असून गारवा नसेल तर वाळा कोरडा पडलेला किंवा धुळीने बुजलेला. याहून वेगळी तक्रार कधी आली नव्हती.

१९३८च्या उन्हाळ्यात त्याने महादेवराव देशमुखांच्या मोटारीला पेटी बसवली. महादेवराव जवळच्याच एका गावचे जमीनदार. घरात कडक गोषा. त्यांची मुलगी जमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंत झाल्यावर तिला ताप भरला, तो उतरेना. पुरुष डॉक्टरला दाखवायची घरात चाल नव्हती, म्हणून तिला अमरावतीच्या जनानी दवाखान्यात न्यायचं ठरलं. रेल्वे संध्याकाळी होती. तेवढा धीर निघेना. भर दुपारी मोटार निघाली. मागे जमुना आणि तिची आई मैनाबाई. चहूकडून जाड पडदे, काचा बंद. पुढे ड्रायव्हर पुंजाराम, महादेवराव आणि पेटी नवी म्हणून सोबत घेतलेला शालिकराम.

बोरगाव मंजू मागे पडल्यावर पडद्याआडून मैनाबाई म्हणाल्या, "अहो, वारा येऊन राह्यला, पण पोरीचा जीव घाबरून राह्यला."

महादेवराव शालिकरामकडे वळले. "काहून रे? शिमल्याची हवा देतो म्हने न तू?"

गाडी थांबली. शालिकरामने बाहेरून तार पाहिली, वाळा चाचपला. तार घट्ट होती, वाळा ओला होता. आतल्या बाजूने पंख्यासमोर हात धरून पाहायची सोय नव्हती. आत बाया होत्या. त्याने पडद्यापलीकडे विचारलं, "माय, वारा गार लागते का?"

"लागते बापा. पन अंग चिकट चिकट झालं."

मूर्तिजापूरला त्याने पंख्याचे कार्बन बदलले आणि पाण्याची धार वाढवली. पुंजाराम हळूच म्हणाला, "नीट कर बाबू, नाही तं मालक तुलेच पेटीत भरतीन." पंखा जोरात फिरू लागला. पुढे बडनेऱ्यापर्यंत मागून आवाज आला नाही.

"जमलं तुले," महादेवराव म्हणाले.

अमरावतीला दवाखान्याच्या आवारात मोटारीचं दार उघडलं, तेव्हा कढत पाणी काढलेल्या न्हाणीघरातून यावी तशी वाफ बाहेर आली. जमुना शुद्धीवर नव्हती. ती वाफ तोंडावर आली आणि शालिकरामला कळलं. आत जाणाऱ्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट नव्हती. वाढवलेलं पाणी वाफ होऊन तेवढं आत कोंडत गेलं. वकिलांच्या गाड्यांच्या काचा नेहमी अर्ध्या उघड्या असत, त्यामुळे हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमुना गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताप आधीच हाताबाहेर गेला होता. प्रवासाने किती बिघडवलं ते सांगता येणार नाही.

तेरवीनंतर महादेवरावांनी पेटी काढून न्यायला शालिकरामला बोलावलं. खरं काय झालं ते त्यांना सांगायचं, असं ठरवून तो गेला होता. पान्हा लावून तो पेटी सोडवत असताना माजघराच्या दाराआडून मैनाबाईंचा आवाज आला.

"शालिकराम, एक विचारू?"

"विचारा माय."

"तिनं दोनदा पडद्याले हात घातला. म्हने, आई, थोडा सरकव. मी नाही सरकवू देल्ला. रस्त्यानं मानसं होती. त्याच्यानं तं नाही झालं?"

शालिकरामने पान्हा खाली ठेवला. ओसरीवर महादेवराव ऐकत होते.

"नाही माय," तो म्हणाला. "पडद्याचं काही नाही. पंखाच बिघडला होता."

दाराआड बांगड्या वाजल्या आणि पावलं आत गेली. महादेवराव ओसरीवरून उठून जवळ आले. मग म्हणाले, "उचल तुही पेटी. पुन्हा या दारात दिसू नको."

पेटीचा पंखा वाटेत बिघडला, असं महादेवरावांनी अकोल्यात सांगितलं, त्यात त्यांचं खोटं नव्हतं. ऐकलं तेच त्यांनी सांगितलं. महिनाभरात बहुतेक पेट्या परत आल्या आणि शालिकराम लॉऱ्यांच्या दुरुस्तीवर राहिला. शेवटची पेटी एक वृद्ध वकील स्वतः घेऊन आले. त्यांना ती द्यायची नव्हती, घरच्यांनी हट्ट धरला होता.

"माझा पंखा कधी कुरकुरला नाही," ते म्हणाले. "देशमुखांचाच तेवढा कसा बिघडला?"

"बिघडला, साहेब," शालिकराम म्हणाला, आणि पेटी उचलून आत ठेवायला गेला.